मुठीवरची जपमाळ

५ जुलै, शुक्रवार

भार पुन्हा वाढला. खजुरांची बाग तोडून तिथे घरं उठलीत – आधी एसी बसतो, मग दार बसतं. दक्षिण इराकमधल्या आमच्या नासिरियात माणसं वाढली, सरकारी वीज तेवढीच राहिली. ती गेली की सगळी गल्ली माझ्या जनरेटरवर. माझ्या म्हणजे हाजी मुतश्शरच्या. मी नुसता राखणारा.

दुपारी फालिह आला. सरकारी खात्यातला वायरमन, माझ्या धाकट्या बहिणीचा, नजियाचा नवरा. आमच्या खांबावर चढायचं होतं. नेहमीप्रमाणे खिशातली जपमाळ काढून त्याने इंजिन सुरू करायच्या मुठीवर अडकवली. ही आमची रीत. मुठीवर जपमाळ असली की इंजिन लावायचं नाही, मंत्री आला तरी नाही. आणि ज्याने लावली त्यानेच काढायची. निरोप पाठवून नाही, दुसऱ्याच्या हातून नाही. खांबावरून उतरून, चालत येऊन, स्वतः.

उकाड्याने समोरची म्हातारी उम्म सत्तार दारात येऊन बसली. "अबू मीसम, तुझा मेहुणा दुरुस्ती करतोय की वर बिऱ्हाड केलंय त्याने?"

वरून फालिह म्हणाला, "तुम्ही खाली आहात तोवर कोण उतरेल, खाला?"

उतरला. जपमाळ काढली, ओठांना लावली, खिशात टाकली. मग मी इंजिन लावलं.

७ जुलै, रविवार

उद्या मोहरम. गल्लीभर काळे झेंडे. मंडपाच्या दिव्यांना माझ्याकडून फुकट लाइन – माझा मुलगा मीसम आजारातून उठला तेव्हा बोललेला नवस. हाजीने डिझेलबद्दल कुरकुर केली नाही.

गेल्या वर्षी ऐन करबलाच्या कहाणीत, इमामांच्या तान्ह्या बाळाला बाण लागतो तिथेच वीज गेली होती. मी इंजिन लावलं. पण मंडपाचा चेंजओव्हर – सरकारीवरून जनरेटरवर न्यायचा खटका – फिरवायला नेमलेला माणूस गर्दीत छाती पिटत होता. त्याला कुणी दोष दिला नाही. त्या वेळी कोण शहाण्यासारखा खटक्यापाशी उभा राहील? पण कहाणी अंधारात थांबली आणि बायका म्हणाल्या, अपशकुन झाला.

आमचा वायरिंगवाला उस्ता चासिब म्हणतो, या वर्षी कुणी उभं राहायला नको. कुठलीही वीज येवो, दिवे आपले आपण लागतील.

कसे, ते मी विचारलं नाही. खेड्यातल्या शाळेत जेवढं शिकलो त्यात हे नव्हतं.

८ जुलै, सोमवार

लागले! संध्याकाळी वीज गेली, मी इंजिन लावलं, आणि कुणी हात न लावता मंडप उजळला. सगळ्यांनी पैगंबरांवर सलवात म्हटली. माझे डोळे भरून आले. नवस पोचला असं वाटलं.

९ जुलै, मंगळवार

सरकारी वीज परत येते तेव्हा माझं इंजिन थोडा वेळ चालूच असतं. त्या क्षणी फळ्यावरचा एकच खटका धाडकन पडतो – नवसाचा. बाकीचे जागच्या जागी. चासिब म्हणाला, दिवे वाढलेत, मोठा खटका बसव.

बसवला. तोही पडतो.

१० जुलै, बुधवार

उम्म सत्तार कीम्याचं ताट घेऊन आली. भातावर हात आखडला नव्हता, म्हणजे स्वारी खुशीत होती. म्हणाली, काल वीज गेल्यावर ती घरचा चेंजओव्हर फिरवायचा विसरली. सरकारीवरच राहिला. तरी पंखा फिरत होता! हळूहळू, पण फिरत होता.

"हुसैनची बरकत," म्हणाली. "हाजीला सांग, आता तुझी गरज नाही."

शेजारच्या दोघी म्हणाल्या, आमच्याकडेही तसंच.

कालव्यापलीकडच्या गल्लीतले काही जण दिवे बघायला आले होते. खांबाखाली उभे राहून चासिबचा जोड न्याहाळला, मोबाइलवर फोटो घेतले. मी त्यांना चहा पाजला. कौतुक ऐकून छाती फुगली. नंतर अल्लाची क्षमा मागितली.

पंख्याचं मात्र मनातून जात नाही.

११ जुलै, गुरुवार

बरकत असेल तर भीती का वाटते?

१२ जुलै, शुक्रवार

जमेल तसं लिहितो.

जुम्म्याची नमाज संपवून परत येत होतो. सरकारी वीज गेलेली, इंजिन चालू. इंजिनाजवळ स्वतःचा आवाजही ऐकू येत नाही, पण गल्लीच्या तोंडाशी, ट्रान्सफॉर्मरखाली, शांत असतं. तिथे थांबलो. ट्रान्सफॉर्मर गुणगुणत होता.

वीज नसताना. बंद पेटीत पोळं असावं तसा.

फालिहने एकदा मला समजावलं होतं. वरची मोठी तार अकरा हजारांची. ट्रान्सफॉर्मर तिला उतरवून घरात आणतो. पण खालून वीज शिरली तर तीच चढवून अकरा हजारांची करून वर पाठवतो. "त्याला मालक कळत नाही, अबू मीसम. जिकडून द्याल तिकडून घेतो."

चासिबने बॅटरी लावली नव्हती, काही लावलं नव्हतं. सरकारी तार आणि माझी तार एकमेकींना बांधून टाकली होती, मध्ये खटका न ठेवता. म्हणून दिवे आपोआप लागत होते, म्हणून दोन्ही विजा भिडल्या की नवसाचा खटका पडत होता. म्हणून उम्म सत्तारचा पंखा फिरत होता. माझी वीज सरकारी तारेत शिरून ट्रान्सफॉर्मरमधून वर जात होती, आणि मेलेली म्हणून जी तार वायरमन हातात धरतात ती जिवंत करत होती. कुठवर, कोण जाणे. तिकडच्या खांबावर चढणारा माणूस माझ्या मुठीवर जपमाळ कशाला लावेल?

धावलो. या वयात, त्या उन्हात. नवसाचा खटका पाडला. मंडपात दुपारची कहाणी चालू होती, ती थांबली.

हाजी मुतश्शर बाहेर आला. ओरडला नाही; ओरडला असता तर बरं झालं असतं. "इमामांचे दिवे तू विझवलेस," म्हणाला. "तू. नवस बोललेला."

चासिबला बोलावून सगळ्यांसमोर सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. चांगल्या मनाने केलं होतं त्याने, मला ठाऊक आहे. शिडी लावून स्वतः जोड तोडला. मी विचारलं, आणखी कुठे असं केलंस? म्हणाला, अब्बासची शपथ, फक्त इथे. त्या नावाची खोटी शपथ आमच्यात कुणी घेत नाही. मी विश्वास ठेवला.

मंडपाला पुन्हा चेंजओव्हर लागला. फिरवायला कोण उभं राहणार? मी म्हणालो, मी राहतो. इंजिनापाशी मीसम बसेल, मोठा आहे आता. छाती पिटणं या वर्षी नाही. हाच नवस समजावा.

१३ जुलै, शनिवार

ट्रान्सफॉर्मरखाली उभा राहून आलो. गप्प आहे. अल्हम्दुलिल्लाह.

१४ जुलै, रविवार

फालिहला सांगितलं. हसत आला होता, ऐकताना हसणं राहिलं. पार कालव्यापलीकडपर्यंत मोठी तार एकच आहे म्हणाला. मंगळवारी तो तिच्यावरच चढला होता. मग त्या दिवशी? त्याने खांदे उडवले. "तेव्हा तुमचं इंजिन बंद असेल. किंवा माझी वेळ आली नसेल."

मी म्हणालो, बाकीच्या गल्ल्या बघून घे. आशूरानंतर, मोहरमचा दहावा दिवस उलटला की, बघतो म्हणाला. सध्या दिवसभर तारा तुटतायत, उन्हाने आणि भाराने. हातमोजे मागितलेत, अजून आले नाहीत.

नजियाने डब्यातून गव्हाचा हरीसा पाठवला होता. दालचिनी जास्त, आमच्या आईसारखी.

१६ जुलै, मंगळवार

सकाळीच वीज गेली. मोठी तार कालव्यापाशी तुटली. उद्या आशूरा, आज घरोघर पाहुणे, आणि ऊन असं की भिंतीला हात लावता येत नाही.

फालिह आला. आज चढायचं आहे कालव्याकाठी, आमच्या गल्लीत नाही. तरी वळसा घालून आला आणि जपमाळ लावली. म्हणाला, "परवापासून तुमच्या इंजिनाला घाबरतो."

मी म्हणालो, पलीकडच्या गल्लीलाही इंजिन बंद करायला सांग.

तो हसला. "जपमाळ एकच आहे, अबू मीसम. आणि चासिबने शपथ घेतलीय ना?"

इंजिन बंद केलं. गल्लीत आरडाओरडा. हाजीने दोनदा निरोप पाठवला, पाहुणे उकडून मरतायत. उम्म सत्तार वारा घेत म्हणाली, "बरकत तोडलीस, आता इंजिनही बंद? तू मुसलमान आहेस की सरकारी खातं?" मी तिला मुठीकडे बोट दाखवलं. तेव्हा म्हणाली, सांभाळून येऊ दे बिचाऱ्याला.

इंजिन बंद असलं की किती लांबचं ऐकू येतं. कालव्यापलीकडचं त्यांचं इंजिन ऐकू येतंय. त्यांच्या मंडपातला आवाजही.

तो आवाज थांबला. बायका किंचाळतायत. कहाणीत रडतात तसं नाही हे.

जाऊन येतो.

१७ जुलै, बुधवार

त्यांचे दिवेही आपोआप लागायचे. आमचा फोटो बघून जोडले होते. चासिबची शपथ खरी होती.

इंजिन बंद आहे. लाव म्हणून कुणी सांगितलं नाही. हाजीनेही नाही.

जपमाळ मुठीवरच आहे.