वळताना टक्

सोमवार, ३ ऑगस्ट. सकाळ.
गाडी डावीकडे वळवताना टक्. एकदाच. दुर्लक्ष करायचं ठरवलं. इलेक्ट्रिक गाडीत बिघडण्यासारखं असतंच काय? इंजिन नाही, क्लच नाही, सायलेन्सर नाही. हे मी वर्षभर ऑफिसात, सासरी, लिफ्टमध्ये भेटेल त्याला ऐकवलं आहे. आता शब्द फिरवायचं काही कारण दिसत नाही.

रविवारी कन्येला होस्टेलवर सोडायचंय. पहिल्यांदाच घर सोडून राहणार. मी सोडणार, आपल्या गाडीतून, हे कधीचं ठरलंय. मेहुण्याने त्याची डिझेल गाडी देऊ केली होती. मी हसून नाही म्हटलं. ती गाडी खोकते.

सोमवार. संध्याकाळ.
उजवीकडेही टक्.

मंगळवार, ४ ऑगस्ट.
सर्व्हिस सेंटरला फोन. पुढच्या सोमवारशिवाय वेळ नाही. मी म्हणालो, आवाज फक्त वळताना येतो. बाई म्हणाल्या, मग तोवर जपून वळा. अशी माणसं कामावर ठेवतात.

स्वतःच निदान करणार. पद्धतशीर. उगाच हात मारत बसायचं नाही.

संध्याकाळी कन्येबरोबर उशी, बादली, हँगर आणायला गेलो. वाटेत तिने काहीतरी सांगायला घेतलं, आणि नेमका चौक आला. म्हटलं, थांब, वळू दे. वळलो. टक्. म्हटलं, हं, आता बोल. म्हणाली, काही नाही.
निष्कर्ष: पुढचं डावं चाक.

बुधवार, ५ ऑगस्ट.
टायरमध्ये खडा असणार. पाठ धरेपर्यंत ओणवा होऊन खडे काढले. मूठभर निघाले. टक् आहेच.

मग सीटबेल्टच्या बक्कलवर संशय. बायकोला मागे बसवून बक्कल घट्ट धरायला लावलं आणि सुपरमार्केटच्या रिकाम्या पार्किंगमध्ये आठाचे आकडे काढले. तिला मळमळलं. ती चालत घरी गेली. टक् माझ्याबरोबर घरी आला.

गुरुवार, ६ ऑगस्ट.
सॉफ्टवेअर अपडेट आलं. जीव भांड्यात पडला. पूर्ण होईस्तोवर गाडीतच बसून राहिलो. ऑफिसला उशीर. साहेबांना सांगितलं, गाडी अपडेट होत होती. ते म्हणाले, कोणीतरी होतंय हे चांगलं आहे. अपडेटने स्क्रीनवरच्या अक्षरांचा रंग बदलला. बाकी सगळं जैसे थे.

नवा नियम: गाडीत कोणी बोलायचं नाही. रेडिओ बंद, एसी बंद. कन्या जायच्या आधी बाहेर जेवायचं ठरलं होतं, त्यामुळे तिघं घामाघूम होऊन चिडीचूप गेलो आणि तसेच आलो. कन्येने दोनदा बाबा म्हटलं. दोनदा मी बोट वर केलं. तिनेही लगेच ऐकलं. समजूतदार पोरगी आहे.

एक मुद्दा कोणाच्या लक्षात येत नाही. पेट्रोलच्या गाडीत हा आवाज ऐकूच आला नसता. म्हणजे हा आपल्या गाडीचा मोठेपणाच.

शुक्रवार, ७ ऑगस्ट.
निदान झालं. एका व्हिडिओतल्या मिशीवाल्याने सांगितलं. मोटरचा जोर ज्या दांड्यावरून चाकाला जातो तो एक्सल, त्याचं टोक चाकात कोरडं पडलं की वळताना टक्. ग्रीस हवं. पुढचं डावं चाक, मी म्हणालोच होतो.

मेहुण्याचा फोन. त्याला एक्सल सविस्तर समजावला. सगळं ऐकून तो म्हणाला, दाजी, मी रविवारी मोकळाच आहे. डोकं पिकवतात लोक.

शनिवार, ८ ऑगस्ट. सकाळ.
बायको म्हणाली, उद्या निघायचंय, आज राहू द्या. तिला म्हटलं, उद्या निघायचंय म्हणूनच. जॅक लावला, चाक काढलं. एक्सलचा नट जागचा हलेना. मग ग्रीसचा स्प्रे घेतला आणि जिथे फट दिसेल तिथे मारला. हात राखून काम करायची मला सवय नाही. डबा संपला.

शनिवार. दुपार.
टेस्ट ड्राइव्ह. टक् ऐकू आला नाही, कारण वळणापर्यंत पोचलोच नाही. ब्रेक दाबला तर गाडी एकीकडे ओढली गेली, वेळेवर थांबेना. पाय उचलला की इलेक्ट्रिक गाडी आपली आपण मंदावते, म्हणून बागेच्या कुंपणाला नुसती टेकली. हे पेट्रोलमध्ये झालं नसतं. ब्रेकच्या चकतीवर स्प्रे उडाला म्हणे. बायकोचं म्हणणं, उडाला नाही, उडवला.

तिने भावाला फोन लावला. मी मधे पडलो नाही. त्याच्या गाडीत माझ्यासाठीही जागा होती. पण म्हटलं, कोणीतरी इथे गाडीपाशी थांबायला हवं. कोणी आग्रह केला नाही.

रविवार, ९ ऑगस्ट.
गेले. निघताना कन्येने काच खाली केली, बाबा म्हणाली, आणखी काहीतरी म्हणाली. तेवढ्यात मेहुण्याने गाडी सुरू केली. त्या धडधडीत ओठ हललेले तेवढे दिसले. मी हात हलवला.
वाईट वाटलं. फार वाटलं. जेवलो नाही.

सोमवार, १० ऑगस्ट.
गाडी टो करून सर्व्हिस सेंटरला. त्यांनी ब्रेक साफ केले, एक्सलचा नट काढला, आत ग्रीस लावलं, परत आवळला. चहा संपायच्या आत काम झालं. म्हणजे निदान माझंच होतं, हे त्यांना दोनदा सांगितलं. मेकॅनिक म्हणाला, हो, पण या आवाजाने काही होत नाही. असेच वर्षभर फिरला असतात तरी चाललं असतं.
वर्षभर. आणि होस्टेल पाच तासांवर.

बायकोचा फोन आला. सामान लागलं, ती परत निघाली. कन्या बरी आहे, रात्री थोडी रडली. तिला आठवडाभर मला एकच विचारायचं होतं म्हणे. बाबा, पहिले एक-दोन दिवस तुम्ही तिथे थांबाल का. मी म्हटलं, मग विचारलं का नाही. बायकोने फोन ठेवला. रेंज गेली असणार.

येताना तोच चौक. रेडिओ बंद, एसी बंद. डावीकडे वळलो. काही नाही. परत फिरून उजवीकडे वळलो. काही नाही. गाडी अगदी गप्प.
वळून झाल्यावर सवयीने तोंडून गेलं, हं, आता बोल.