मास्तरीण पुढे कुठे गेली

बाई,

घरातले सगळे तुला बाई म्हणायचे, म्हणून आईला मीही कधी दुसरं काही म्हटलं नाही. रविवारी इथे धुळ्याच्या कॉलेजात तो सिनेमा पुन्हा दाखवला, बर्फाळ गावातल्या खोकणाऱ्या महाराजांचा. तू आयुष्यात पाहिलेला एकच सिनेमा, आणि तोही अर्धा. मी या वेळी शेवटपर्यंत बसले.

तेव्हा जळगावला आमच्या कॉलेजच्या सरांना तो दाखवायला जागा मिळत नव्हती. टॉकीजवाले म्हणाले, स्वीडनचा सिनेमा इथे कोण बघणार? तेव्हा सर धर्मशाळेचा हॉल मागायला वडिलांकडे, भाऊंकडे आले. दुकानाच्या गादीवरून भाऊंनी एवढंच विचारलं, "गोष्ट कशाची?" सर म्हणाले, "एका धर्मगुरूची." "मग बायामाणसांनाही येऊ द्या," भाऊ म्हणाले, आणि गल्लीभर निरोप गेला की धार्मिक सिनेमा आहे, फुकट आहे. सगळी घरं दिवस असतानाच जेवून आली. पुरुष एकीकडे, बायका एकीकडे, मधे यंत्र. पडद्यावर वेदी दिसली तशी काकीनं हात जोडले. मग बराच वेळ काहीच घडेना. महाराज नुसते खोकत होते. "अगं, सुंठ द्या म्हणावं कोणीतरी," काकी म्हणाली. मागून दूध घालणारी आजी बोलली, "हाई काय शे वं माय? ना गानं, ना चमत्कार. बठ्ठा नुस्ता गारठा." बायका फसकन हसल्या. भाऊ पलीकडून खाकरले आणि हसू तिथेच थांबलं.

मग ती मास्तरीण येते. महाराजांवर तिचा जीव. तिनं लिहिलेलं पत्र महाराज वाचायला घेतात, आणि पडद्यावर उरतो फक्त तिचा चेहरा. ती सरळ समोर बघून बोलत राहते. खालच्या इंग्रजी ओळींचं मराठी सर करून सांगत होते. तिच्या हातांवर इसब उठलेलं असतं आणि महाराजांना त्या हातांची किळस येते, हे सांगताना सरांचा आवाज बारीक झाला. तू पदर मागे सारलास. चार लोकांत तुझा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा उघडा पाहिला.

"कुणाशी बोलते ती?" तू विचारलंस.

"त्यांच्याशी. पत्र आहे ते."

"नाही गं. माझ्याकडे बघते आहे."

तुझेही हात सोड्यानं आणि राखेनं दर हिवाळ्यात फुटायचे, चिघळायचे. स्वयंपाक तुझाच, पण भाऊंचं ताट वाढायची काकी. तुझे हात त्यांना समोर नको असत. तुझ्याशी ते बोलतही नसत. तू चुलीशी, ते पाटावर, मधे एक उंबरठा, आणि तो ओलांडणारी मी. "तुझ्या बाईला सांग, भाजी खारट झाली." मी दोन पावलं आत येऊन सांगायची. "सांग, उद्या बघते," तू म्हणायचीस. मला तो एक खेळच वाटायचा, इतकी मला त्याची सवय होती.

पुढे तिच्या शाळेच्या वर्गात महाराज त्या मास्तरणीला सुनावतात, "तुझ्या काळजीचा, तुझ्या त्या हातांचा मला वीट आलाय." तिथे भाऊ उभे राहिले. "बंद करा हे! महाराज बाईमाणसाशी असं बोलतात काय?" दिवे लागले. तू पदर ओढून घेतलास. काकी माझ्या कानाशी पुटपुटली, "घरचे बोलतात ते चालतं वाटतं."

दुसऱ्या दिवसापासून माझं कॉलेज बंद. त्याच आठवड्यात जामनेरहून मामा आले. ताई, चल, परत पाठवणार नाही, असं ते नेहमीच म्हणत; पण या वेळी तू नाही म्हणाली नव्हतीस. तुझी ट्रंक भरलेली मी पाहिली होती. मामा बाहेर जेवत होते आणि तू मला कोठीत ओढलंस. "ती मास्तरीण पुढे कुठे गेली? निघून गेली का?" मी म्हटलं, मला काय माहीत. "सरांना विचार ना." "बाई, मला उंबऱ्याबाहेर सोडतात का?" तू माझ्याकडे बघत राहिलीस. मग बाहेर जाऊन मामांना म्हणालीस, "पोरीचं लग्न होऊ दे आधी." मामा एकटेच परतले. माझं लग्न झालं, मी धुळ्याला आले. या घरालाही तसाच एक उंबरठा निघाला. दिवाळीला माहेरी आले की तू हळूच विचारायचीस, "कळलं का गं?" एका वर्षी विचारलं नाहीस. पुढच्या दिवाळीला तू नव्हतीस.

रविवारी सिनेमाआधी एक प्राध्यापिका बोलल्या. दिग्दर्शक स्वतः धर्मोपदेशकाचा मुलगा. तो आणि त्याचा कॅमेरामन हिवाळ्यात एका चर्चमध्ये जाऊन बसले, उजेड कसा कसा बदलतो ते नुसतं बघत. मग आतलं सगळं चर्च स्टुडिओत उभारलं आणि तोच उजेड दिव्यांनी आणला, कुठेच सावली न पडणारा. महाराजांचं काम करणारा नट तेव्हा खरंच आजारी होता. हे ऐकून मग मी नीट पाहिलं, आणि किती मोठं काम आहे ते कळलं. आपण खानदेशातली माणसं, सावली म्हणजे आपल्याला जीव वाटतो. तिथे गारठ्यात कुणालाच ती नाही. मास्तरणीला तोंड लपवायला एक कोपरा नाही. आपल्या स्वयंपाकघराला एकच झरोका होता. त्याच्याकडे बघत असं बसायला तुला कधी कुणी सांगितलं नाही, तरी तू बसायचीस.

बाई, ती गेली नाही. इतकं ऐकूनही ती त्यांच्याबरोबर पुढच्या गावच्या चर्चमध्ये जाते. तिथे प्रार्थनेला कुणीच आलेलं नसतं. ती एकटी बाकावर बसते, आणि तिच्या एकटीसमोर महाराज प्रार्थना सुरू करतात. तिथे सिनेमा संपतो. बाहेर मुलं वाद घालत होती, हा शेवट आशेचा की निराशेचा. मी चप्पल शोधत ऐकत होते.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. तो शेवट येताना मी पदराचं टोक मुठीत धरून मनात म्हणत होते, उठू नकोस, बस, बसून राहा. ती राहिली, आणि मला हायसं वाटलं. ती उठून गेली असती, तर तुलाही जाता आलं असतं हे मला मानावं लागलं असतं. आणि मलाही.