शेवंताच्या वाट्याचा मक्का

रिद्धपूर
ता. ४ ऑक्टोबर २०२५

ती. वच्छलाबाईस,
धाकट्या देवीदासचा शि. सा. न. वि. वि.

दसऱ्याले झेंडू बरा गेला. अमरावतीच्या मंडीत देवमन भेटला, त्याच्याच टेम्पोत ही चिठ्ठी देऊन रायलो. तुहे वांगे उतरवून थो रिकामाच बाळापूरले वापस जाते. फोन करू नोको. फोन धरला का कानातली मशीन शिट्टी मारते, अन मले तुही अर्धी शिवीच ऐकू येते. चिठ्ठीत पुरी येते.

शेवंताची गोठ सांगतो. आपली घोडी आठ रोजापासून ठिकान्यावर नाई. पान हाललं का कान उभे करते, नाकपुड्या फुगवते, खुट्याभोवती नाचते. दसऱ्याच्या पूजेले तुही भाची रागिणी कुंकू लावाले गेली, तं घोडी मागच्या दोन पायावर उभी झाली. ताट गेलं एकीकडे, पोट्टी गेली एकीकडे. बारा वर्सात किती बँड वाजले, किती फटाके फुटले, कितीक नवरदेव तिच्या पाठीवर बसले. त्यातले अर्धे घाबरत, पन थे कधी घाबरली नाई. आता चिमनीले घाबरते.

रागिणी म्हनते डॉक्टर बोलवा. मी म्हनलं, आंदी बाईले इचारतो. तुले माईत हाये, तुही भावजय गेल्यापासून माहं बोलनं त्या घोडीसंगंच हाये. तिच्यासंगं बोलाले कान लागत नाई. तिले काई झालं तं बहिरा मी हावोच, मुकाई होईन.

तू पाठवलेला मक्का मातर आवडीनं खाते.

रागावशीन तं रागाव, पन उत्तर धाडजो.
तुहा
देवीदास


बाळापूर
ता. ६ ऑक्टोबर

चि. देवीदासले,
मोठ्या बहिनीचा अ. आ. वि. वि. का, तुही चिठ्ठी वाचली अन कपायाले हात लावला.

घोडीले काई झालं नाई. आखाडीपासून कोठ्यात उभी हाये थे. लगन नाई, वरात नाई, नुसतं बसून खानं. मानसाले चार महिने असं पोसलं तं थोबी लाथा झाडते. माह्या पोराले पाय, अंकुरले. त्यात पानी उघडलं, गवत कवयं झालं, पहाटं गारवा अन दुपारी हे अश्विनाचं ऊन. या दिवसात घोडं माजतेच. याच्यात नवं काय हाये?

कामाले लाव. तुह्या शेवंतीच्या वाफ्यापलीकडे नांगरलेलं वावर हाये ना, तिथं सकायी तासभर पयव. ढेकयात पाय रुतले का मस्ती उतरते. हिरवं गवत आखड. मक्का मातर बंद करू नोको. अंगात जोर राह्यला पायजे, तुयशीच्या लग्नानंतर वराती सुरू होतीन.

मक्का अवंदा पावसात सापडला. खळ्यात चार रोज ताडपत्रीखाली होता, आतल्या आत वाफ धरली. चांगले कनसं बाजारात गेले. टोकाले काये-गुलाबी पडलेले, बुरशी धरलेले, म्या शेवंताच्या वाट्याले काढले. फेकाले जीव होत नाई. मानसाच्या पोटाले नाई चालत, जनावराले काय होते? नवा मक्का निंघाला का पयला वाटा तिचा, हे तिच्या जल्मापासून चालू हाये, अवंदाच काऊन मोडू? दुसरं पोतं या चिठ्ठीसंगं देवमनजवळ देलं हाये.

अन डॉक्टरचा बाऊ करू नोको. डॉक्टर येते, सुई टोचते, मंग घोडी डॉक्टरलेच घाबरते. रागिणीले म्हन, तू पुस्तकं वाच, घोडी मले वाचू दे.

माया हाये म्हून खडसावलं. बाकी ठीक.
वच्छला


रिद्धपूर
ता. ११ ऑक्टोबर

ती. बाईस,
देवीदासचा शि. सा. न. वि. वि.

तू सांगतलं तसंच केलं. तीन रोज सकायी नांगरटीत पयवली. पयल्या दोन रोजी घाम निंघाला, घोडी जराशी नरम आली. मी रागिणीले म्हनलं, पाय, बाई बाळापूरले बसून घोडी ओयखते.

तिसऱ्या रोजी माह्या हातातून दोरी हिसकली अन सुटली. शेवंतीचे सात वाफे तुडवले, शेजाऱ्याच्या संत्र्याच्या बगिच्यात शिरली अन तारेच्या कुंपनावर गेली. सामने तार हाये हे तिले दिसलंच नाई असं मले वाटते. छाती फाटली. हयद भरली, आता रक्त थांबलं हाये.

पन बाई, दुसरंच काईतरी हाये. घोडी उजव्या अंगानं गोल गोल फिरते. घान्याच्या बैलासारखी. उजव्या डोयासमोर हात नेला तं पापनी हालवत नाई. मंधातच दचकते, लाथ झाडते, अन घडीभरानं अशी उभी रायते का जशी झोपली. हाक मारली तं कान माह्याकडे येत नाई. बारा वर्सात असं झालं नाई. माही हाक तिले ऐकू नाई आली, तवा मले समजलं का माह्यासंगं बोलनाऱ्या लोकाईले काय वाटत असन.

खानं कमी झालं. मी हातानं दोन दोन कनसं चारतो. बाईनं धाडले हायेत, खा म्हनतो, तं खाते.

गावातला शेषराव परवा सांगून गेला, नातवाच्या वरातीले शेवंताच पायजे. मी हो म्हनलं.

हे वाचून लगेच काई सांगजो. सांभाळून घेजो.
देवीदास


बाळापूर
ता. १२ ऑक्टोबर

चि. देवीदासले अ. आ.

चिठ्ठी दोनदा वाचली. तार डोयाले लागली असन. डोया सुजला का जनावर त्या अंगानं फिरते, त्यात एवढं घाबरासारखं काय हाये? कोमट पान्यानं पूस. मोकयं सोडू नोको.

हाक ऐकू नाई आली म्हनतोस. तुह्या आवाजाले थे कंटायली असन. मीबी कंटायते.

मले रातभर झोप लागली नाई, पन थे पायाच्या दुखन्यानं. डॉक्टर बोलवाचाच असन तं बोलाव. एकडाव तुह्या पोरीचं समाधान होऊन जाऊ दे. थो काय म्हनते ते मले पुरं कयव, आपल्या मनचं घालू नोको.

खुशाली लवकर धाड.
वच्छला


रिद्धपूर
ता. १४ ऑक्टोबर

ती. बाईस शि. सा. न. वि. वि.

काल सरकारी दवाखान्यातला डॉक्टर येऊन गेला. चांगला मानूस हाये, वयानं लहान. म्हनला मेंदूचं दुखनं हाये. कशानं झालं ते समजत नाई म्हनला. असं होते कधीमधी म्हनला.

औषध नाई. तू चिंता करू नोको. वय झालं हाये तिचं.

दुसरं पोतं देवमनसंगं वापस धाडतो. त्यात उंदरं शिरले होते, मुतले. तुह्या म्हशीले घालू नोको, कोनत्याच ढोराले घालू नोको. उंदराच्या मुतानं जनावराले रोग होते. फेकून दे. मी सांगतो म्हून फेक, एवढं ऐक.

तुह्या पायाले तेल लाव. तुही माया आजवर पुरली, पुढंई पुरन.
देवीदास


रिद्धपूर
१४ ऑक्टोबर

ती. आत्यास,
रागिणीचा सा. न. वि. वि.

ही चिठ्ठी बाबांच्या चिठ्ठीसोबतच देवमनकाकांच्या हाती देते आहे, पण वेगळी. बाबांना माहीत नाही. फोन केला असता, पण मी बोलायला लागले की बाबा समोर येऊन बसतात, अन ऐकू येत नसलं तरी तोंडाकडे पाहून त्यांना सगळं समजतं.

पोत्यात उंदरं नव्हते. डॉक्टरांनी येऊन पहिलं विचारलं की चारा कोणता देता. बाबा म्हणाले जवारीचं कुटार. मी मक्का आणून दाखवला. त्यांनी कणीस सोललं, वास घेतला, अन खालीच बसले. मक्क्याच्या या बुरशीनं घोड्याचा मेंदू आतून सडतो, म्हणाले. गाय-म्हैस थोडंफार सोसते, घोडं नाही सोसत. आठ दिवस आधी मक्का बंद झाला असता तर कदाचित वाचली असती. आता नाही.

शेवंताला आता दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही. भिंतीला कपाळ लावून जोर देत उभी असते. कपाळाची कातडी निघाली आहे. डॉक्टर म्हणतात इंजेक्शन देऊन मोकळी करू, पण बाबा कागदावर सही करत नाहीत. अन डॉक्टर गेल्यावर बाबांनी मला हात जोडले की आत्याला सांगू नको.

आत्या, मला तुम्हाला दुखवायचं नाही. पण त्यांच्यापुढं मी काही बोलले की ते मशीन काढून ठेवतात. ते फक्त तुमचं ऐकतात. तुम्ही या.

लहान तोंडी मोठा घास घेतला, पोटात घ्या.
रागिणी


बाळापूर
ता. २४ ऑक्टोबर

चि. देवीदासले अनेक आशीर्वाद, घ्यावेसे वाटले तं घे.

काल भाऊबीज गेली. मी ओवायाले आली नाई. पाय दुखते म्हून अंकुरनं तुले कयवलं असन. पाय दुखत नाई.

तुह्या घरी तीन रोज राह्यली, पन जे बोलाचं होतं ते बोलली नाई. तुह्या कानात वरडून सांगासारखी थे गोठ नव्हती, साऱ्या गल्लीनं ऐकली असती. म्हून लिवते. मी चौथी शिकलेली बाई हावो, गोड लिवता येत नाई.

पोत्यात उंदरं नव्हते हे मले तिथं याच्या आंदीच माईत होतं. कोनी सांगतलं ते इचारू नोको.

मी कोठ्यात शिरली तवा घोडीनं भिंतीले डोकं लावलं होतं अन तू तिच्या मानेले लावलं होतं. खाली जमिनीत तिच्या पायाचं गोल रिंगन पडलं होतं, बोटभर खोल. म्या तुह्या हातात पेन देला अन कागदावर बोट ठेवलं. तू माह्याकडे पायलं अन सही केली. मी मोठी म्हनून केली. आजवर तू माहं सगळं मी मोठी म्हनूनच ऐकलं. ढेकयात पयव म्हनलं, तू पयवली. मक्का बंद करू नोको म्हनलं, तू हातानं चारला. डॉक्टर बोलावू नोको म्हनलं, तू आठ रोज थांबला.

सुई टोचली तवा मी तिचं तोंड धरून उभी होती. तिनं माह्या हाताचा वास घेतला. खाले मांगत होती का काय, माईत नाई.

पन याच्यापेक्षा वाईट ते पुढं झालं. जेसीबी खड्डा खंदत होती, चार लोकं जमले होते, अन शेषरावनं इचारलं का एवढी चांगली घोडी कशानं गेली. तू सगळ्यायसमोर म्हनला, माह्याच कुटाराले बुरशी होती, माही चूक झाली. लोकं तुले हसल्यासारखे झाले. शेषराव म्हनला, बारा वर्स घोडी पोसली अन चारा पायता आला नाई. मी तिथंच उभी होती. पदर तोंडात धरून उभी होती. मी बोलली नाई.

मी आजवर कोनाले भेली नाई, सासऱ्यालेबी नाई. त्या रोजी चार मानसाले भेली.

घरी आली तं खळ्यात त्याच मक्क्याचे सात पोते होते. अंकुर म्हने कोंबड्याच्या खाद्याले इकून टाकू. म्या काडी लावली. ओला मक्का पेटत नाई, दोन रोज धुपत होता. अंकुर म्हने माय येडी झाली.

आता तू एक कर. मले दोष दे. चिठ्ठीत लिवून दे, का बाई, तुह्यामुयं माही घोडी गेली. मी वाचीन, अन घडी करून ठेवीन. डॉक्टरले समजलं नाई, वय झालं होतं, असं नोको लिवू. खोटं तुले जमत नाई. लहानपनी गूळ खाऊन आला का ओठावर असे.

या टायमाले लोभ मांगाले तोंड नाई. मांगत नाई.
वच्छला


रिद्धपूर
ता. २७ ऑक्टोबर

ती. बाईस,
देवीदासचा शि. सा. न. वि. वि.

तुही चिठ्ठी भेटली. जाड हाये. पन माहा चष्मा दिवाईत पडून फुटला, म्हून वाचता आली नाई. लिवाले जमते अंदाजानं, वाचाले नाई जमत. रागिणीले वाचाले देली नाई. पेटीत ठेवली हाये. नवा चष्मा आनाची काई घाई नाई.

इकडलं ठीक. शेवंतीले फूल कमी, वाफे तुडवले गेले ना. कोठ्यात आता फुलाच्या टोपल्या ठेवतो, गार रायते. सकायी पाच वाजता मी कोठ्यात जातो, टोपल्याईपाशी उभा रायतो, अन वापस येतो. रागिणी दारातून पायते. माहं बोलनं होत नाई.

शेषरावच्या नातवाची वरात मोटारीत निंघते. लगाम अन झूल म्या देवमनले देऊन टाकली, कोनाले लागली तं देईन थो. खड्ड्यावरची माती दबली होती, काल आनखी दोन टोपले टाकली.

भाऊबीजले तू आली नाई ते बरं झालं. राग नाई बाई, तुह्यावर माहा राग नाई, हे खोटं नाई. पन सध्या येऊ नोको. तू आली का कोठ्याकडे पायशीन, तू पायलं का मी पायीन. मंग कवा ये, ते मले अजून सांगता येत नाई.

पायाले जपजो. तिथूनच माया ठेव.
तुहा
देवीदास