एकेचाळीसाव्या पानावरची पट्टी

आल्बोर्ग,
मंगळवार, १२ नोव्हेंबर

प्रिय एस्किल,

तू, मारेन आणि छोटी बरे असाल. आईचा गुडघा सुधारतोय. काठी मात्र ती दारामागे लपवते आणि डॉक्टरांनाच चार गोष्टी सुनावते. राय धान्याच्या पावाचं आंबवण पाठवलं होतं, ते अजून जिवंत आहे का? तुझ्या हाती काही टिकत नाही म्हणून विचारते.

रविवारी फोनवर तू हसत हसत म्हणालास, "अगं ताई, गाळणीत रोज काळी पूड येते. भोंगा तर इतका बोंबलायचा की साहेबांनी त्याची मर्यादाच दोन टक्क्यांवरून तीनवर नेली. आता कसं शांत!" मी नुसतं "हं" केलं आणि तुला पावाचं विचारलं.

ती पूड माझी आहे रे.

तुमच्या कारखान्यातल्या हायड्रोजनच्या यंत्रातल्या जाळ्या आमच्याच प्रयोगशाळेतून येतात. निकेलच्या जाळीवर ऑक्साइडचा पातळ थर चढवून आम्ही ती भट्टीत भाजतो. त्या थरामुळे कमी विजेत पाणी फुटून हायड्रोजन निघतो. भाजलेली जाळी रात्रभर भट्टीतच निवू द्यायची. मग थरावर चिकटपट्टी दाबून ओढायची. पट्टी कोरी निघाली तर थर पक्का. ती वहीत चिकटवून खाली सही करायची, हा आमचा रिवाज.

ऑगस्टमध्ये तुमची मागणी घाईची होती. मी भट्टी गरम असतानाच उघडली आणि चाळीस जाळ्या बाहेर काढल्या. पट्टी ओढली तर काळीकुट्ट. ती मी खिशात घातली आणि एका जुन्या, चांगल्या जाळीची कोरी पट्टी एकेचाळीसाव्या पानावर चिकटवली. त्या शुक्रवारी केक आणायची पाळीही माझीच होती. माझा सहकारी प्रेबेन वही चाळत म्हणाला, "गुद्रुन, तुझा थर म्हणजे काळ्या दगडावरची रेघ!" मी त्याला केकचा मोठा तुकडा वाढला. आठवलं की स्वतःची किळस येते.

थर सुटला की त्याच्या कपच्या दोन्ही वायू वेगळे ठेवणाऱ्या मधल्या पडद्यात रुततात. पडदा फाटला की हायड्रोजन ऑक्सिजनमध्ये शिरतो. भोंगा तेच सांगत होता. हायड्रोजन चार टक्क्यांच्या पुढे गेला की एक ठिणगी पुरे.

सकाळी आमच्या संचालकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "गुरुवारी मंत्री येताहेत. शुक्रवारी बघू." तुमच्या साहेबांना फोन केला, तर त्यांनी जाळ्यांसोबत गेलेलं माझंच प्रमाणपत्र मला वाचून दाखवलं. तुझा फोन पाळीभर कपाटात. शेवटी प्रेबेनला सांगितलं. त्याने लगेच गाडीची किल्ली उचलली. हे पत्र तोच तुझ्या हातात देईल. मी वही घेऊन अग्निशमन कचेरीत चालले आहे. परत आल्यावर इथे माझी खुर्ची नसेल, त्याचं काही नाही.

सोबत ती खिशातली पट्टी आहे. पाळीतल्या सगळ्यांना दाखव. यंत्र कोणी बंद करत नसेल तर तू कर, आणि विचारलं तर माझं नाव सांग. कोणी म्हणेल, भोंगा कुठे वाजतोय? त्याचं ऐकू नकोस. बाहेर पड, बाकीच्यांनाही ओढून बाहेर काढ. छोटीला तू हवा आहेस.

एकेचाळीसाव्या पानावरची सही खोटी होती. ही खरी आहे.

तुझी ताई,
गुद्रुन