लिम आंटींचा भाऊ

शनिवार, संध्याकाळ. हौगांग, सिंगापूर

आत्ताच वर आले. खाली, ब्लॉकच्या तळमजल्यावर, शेजारच्या लिम आंटींना अखेरच्या दर्शनासाठी ठेवलंय. राग अजून उतरलेला नाही.

आंटींना त्यांचा भाऊ दर रविवारी माझ्याच फोनवर, व्हिडिओ कॉलवर, दिसायचा, कारण त्यांच्या मुलाला, केविनला, मामाचं नावही घरात चालत नसे. मामा इथे बंदी असलेल्या कम्युनिस्ट पक्षातला. धरपकड सुरू झाली तेव्हा विशीत जंगलात गेला, तिथून थायलंडला. पक्ष केव्हाच संपला, पण सरकारने याला काही घरी परतू दिलं नाही.

आज मी त्याला कॉल लावून शवपेटीच्या काचेवर फोन धरला. म्हाताऱ्याने पांढरा शर्ट घातला होता, गळ्यापर्यंत बटणं लावून. एकटक बहिणीकडे बघत राहिला. तेवढ्यात केविनच्या ऑफिसातल्या कुणीतरी फोनकडे बघून त्याला विचारलं, "हे तुझे मामा का?"

"नो लाह," केविन इथल्या इंग्रजीत म्हणाला. "मदर नो ब्रदर."

फोन चालूच होता. मामाने ऐकलं. मी केविनकडे वळले, तर फोनमधून मामाच मला म्हणाला, "केविनला बोलू नकोस. त्याला मुलंबाळं आहेत, नोकरी आहे."

कुणासाठी घातला होता मग तो पांढरा शर्ट? पक्षाचं चुकलं असेल, मला त्यातलं कळत नाही. पण सख्ख्या बहिणीला भाऊच नव्हता म्हणायचं? आणि मी तरी कुठे भांडले? माझाही इथे राहायचा पास सरकारकडे रिन्यूला गेलाय.

जन्मभर कुणाला न भ्यालेला तो माणूस शेवटी हळूच म्हणाला, "बंद कर आता. लोक बघतायत."

मी बंद केला.