भिंतीवरचं शर्टाचं टोक

प्रिय बाबा,

शिकारीच्या कॅम्पवरून तुमच्या आर्वोचा नमस्कार. आम्ही सगळे मजेत आहोत. चूल यंदा धूर करत नाही, रेनोकाका अजूनही कॉफीत मीठ टाकतात. तुमचा गुडघा कसा आहे? आई तुम्हाला बर्फ उपसू देत नाही ना?

बंदुकीच्या तुमच्या नेहमीच्या जड गोळ्या दुकानात संपल्या होत्या. दुकानदार म्हणाला, "ही हलकी घे, सुसाट जाते, खांद्याला धक्काही कमी." मी घेतली. फळीवर नेम धरून पाहिला, बरोबर मधोमध लागली. वाटलं, झालं काम.

फळीला हाड नसतं, बाबा.

शनिवारी हरणाचा मोठा नर समोर आला. गोळी त्याच्या खांद्याच्या हाडावर वरच्यावरच फुटली. तो तीन पायांवर दलदलीत शिरला. मी रक्ताच्या मागावर चालत राहिलो, पण बर्फ पडायला लागला आणि माग बुजला.

काकांनी विचारलं, "काय रे, चुकला नेम?" मी हो म्हणालो. मग नेम चुकला की करतात त्या रिवाजाप्रमाणे त्यांनी माझ्या शर्टाचं टोक कापून, नाव लिहून, भिंतीवर ठोकलं. सगळे पोट धरून हसले. मीही हसलो. जनावर जखमी करून सोडलं म्हटल्यावर कोण हसलं असतं?

तीन दिवस त्याला शोधत एकटाच दलदल तुडवतोय. जेवण जात नाही. हे आईला वाचून दाखवू नका.

माझ्या टोकाशेजारीच तुमचंही टोक आहे, पिवळं पडलेलं. बाबा, तेव्हा तुमचा नेम खरंच चुकला होता ना?

तुमचा,
आर्वो