सीट शेवटच्या खाचेत

बोरी बुद्रुक,
शुक्रवार, संध्याकाळ

प्रिय अण्णा,

आज दुपारी तुमच्या गाडीतला तो दिवा गेला. विझला असं मी आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "विझला म्हणू न्हाई, शांत झाला म्हण." तर शांत झाला. ही बातमी ऐकून ज्याला खरा आनंद झाला असता असा माणूस एकच. म्हणून लिहिते आहे.

तुम्हाला याआधी मी एकच पत्र लिहिलं होतं, हॉस्टेलवरून. दोन पानांचं. त्यावर तुम्ही फोनवर एवढंच म्हणालात, "अक्षर बरंय." आठवतं?

ही गाडी तुम्ही आणलीत तो दिवस मला आठवतो. लाल, दोन दारांची, दोनच माणसांची. पुण्यातल्या कुणा डॉक्टरांनी पुष्कळ वर्षं वापरून विकायला काढलेली. तोवर तुम्ही ट्रॅक्टर आणि पिकप याखेरीज काही चालवलं नव्हतं. पाराजवळ गाडी थांबली आणि लोकांनी घेरली.

"अण्णा, हिच्यात द्राक्षाची पेटी तरी बसंल का राव?"

"पेटी पिकपमधी. हिच्यात मालकीण."

मी विचारलं, "आणि मी कुठं बसू?" तुम्ही म्हणालात, "तू पुण्यात बसलीस की!" सगळे हसले. मीही हसले. मला ते लागलं होतं, अण्णा. तुम्हाला कळलं होतं का?

मग आई बागेत पडली. ऑपरेशन झालं, पण गुडघा पुरता वाकेना. पिकपमध्ये तिला चढता येईना. माझ्या गाडीत गुडघा पुढे आपटायचा. तुमच्या गाडीत मात्र सीट शेवटच्या खाचेपर्यंत मागे घेतली की ओसरीवर बसल्यासारखे पाय लांब सोडता यायचे. लोक ज्या गाडीला हसले ती आईला बरोबर बसली. बसणं सोपं, उठणं अवघड. नारायणगावच्या बाजारात तुम्ही दार उघडून तिच्यासमोर उभे राहायचात, तिचे दोन्ही हात धरून एक, दोन म्हणायचात आणि तिला ओढून उभी करायचात. भाजीवाल्या बघत राहायच्या. आई लाजायची. तुम्ही कधी लाजलात?

त्या दिवाळीत मी गाडीत बसून किल्ली फिरवली, तर समोर लाल दिवा. त्यावर चित्र, बसलेला माणूस आणि त्याच्या पोटापुढे एक गोळा. मी तिथंच तुम्हाला शिकवायला सुरुवात केली. हा दिवा जळत असेल तर धडक बसली तरी एअरबॅग उघडत नाही. हा जाईपर्यंत आईला यात बसवायचं नाही.

"बरं, मास्तरीण," तुम्ही म्हणालात.

संक्रांतीला आले तेव्हा दिवा नव्हता. मी विचारलं, "झालं का काम?" तुम्ही म्हणालात, "झालं." मी तुमच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि विषय संपला.

जूनमध्ये तुम्ही गेलात. बागेतून आलात, पाणी मागितलंत, आणि पाणी येईपर्यंत नव्हतात. गाडी शेडमध्ये राहिली. आईही राहिली. तेव्हापासून ती घरातून निघून फार तर शेडपर्यंत जायची. बाजार नाही, लग्न नाही, देऊळ नाही. मी दर शनिवारी पुण्याहून येऊन तिला विचारायचे, कुठं जाऊया का? ती मान हलवायची.

मग तीन आठवड्यांपूर्वी घाटघरहून निरोप आला, नवं भात झोडून झालं, तांदूळ न्यायला या. आणि आई म्हणाली, "जाऊ या." पाच महिन्यांत पहिल्यांदा! मी माझ्या गाडीची किल्ली घेतली.

"त्या डब्यात न्हाई. त्यांच्या गाडीत. दरसाली त्यांच्याच गाडीत आणलाय तांदूळ."

मी शेडमध्ये जाऊन धूळ पुसली. डॅशबोर्डची काच पुसताना बोटाला काहीतरी लागलं. काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा. नखाएवढा, चौकोनी, सुबक कापलेला. मी तो सोलला आणि किल्ली फिरवली. खाली दिवा जळत होता!

अण्णा, चार वर्षं! चार वर्षं तुम्ही तिला घेऊन घाटघरपर्यंत वळणं घेत होतात आणि दिव्यावर टेप! मी इतकी चिडले की तुम्ही नाही आहात हे क्षणभर विसरले. घरात जाऊन तो तुकडा आईपुढे धरला.

"बघ तुझ्या नवऱ्याचे उद्योग."

आईने तो हातात घेऊन पाहिला. "मीच कापून दिला. त्यांची बोटं जाड, कातर धरता यायची न्हाई." मग म्हणाली, "दोन गॅरेजला फिरले व्हते ते. लाईट जायची, पुन्हा यायची. तू रागावशील म्हणून लावला. तुला लई भ्यायचे."

तुम्ही मला भ्यायचात? हे मला कुणी का सांगितलं नाही?

मी तिला सांगितलं, दिवा जाईपर्यंत या गाडीत बसायचं नाही. ती म्हणाली, "मग तांदूळ न्हाई." आणि आत जाऊन आडवी झाली. तुम्हाला माहीत आहे ती कशी आडवी होते. भिंतीकडे तोंड करून.

मग मी तुमच्यासारखी फिरले. पहिल्या गॅरेजमध्ये मशीन लावलं. त्यावर आलं, डाव्या सीटकडे कुठंतरी खराबी. त्या माणसाने सीट पुढे सरकवली, वाकून बॅटरीच्या उजेडात पाहिलं. एअरबॅगच्या पिवळ्या वायरीचा जोड जागेवर होता. त्याने मशीनवरून नोंद पुसली, दिवा गेला. मी आनंदाने घरी आले. पुढच्या शनिवारी येऊन किल्ली फिरवली, तर दिवा परत.

दुसऱ्या ठिकाणीही तेच. सीट पुढे, डोकं खाली, जोड ठीक. "मॅडम, आतला बॉक्सच गेलाय. एवढ्या जुन्या गाडीचा आता मिळायचा न्हाई. बल्बच काढून टाकू का?" मी म्हटलं, ते काम आमच्याकडे टेप लावून आधीच झालं आहे.

शेवटी कुणीतरी शिनोलीच्या शिवरामभाऊंचं नाव सांगितलं. साठीचा माणूस. पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो, गाड्यांच्या वायरी बघतो. आज सुट्टी काढून सकाळी मी एकटी गाडी घेऊन गेले. त्यांनी गाडीला हातच लावला नाही. आधी चहा सांगितला.

"ताई, लाईट जाते कधी आन् येते कधी, त्ये सांगा."

"गॅरेजमध्ये जाते. घरी आली की आठवड्याभरात परत येते."

"मंग घरी काय व्हतं?"

"काहीच नाही. शेडमध्ये उभी असते."

"हात कोण लावतं?"

"कुणीच नाही."

"घरी फोन लावा."

मी लावला. स्पीकरवर ठेवला. विचारलं, आई, गाडीला कुणी हात लावतं का?

मग आई म्हणाली, "मी बसते की दुपारची."

"कुठं?"

"माज्या जागेवर. तुमी लोकं सीट पुढं ढकलून ठिवता, मी मागं घेते. पार कडंला."

"आणि काय करतेस?"

"काय करायचंय? बसते. गरम झालं की उतरते."

"उतरतेस कशी?"

"दार धरून. वेळ लागतो."

अण्णा, जूनपासून ती शेडपर्यंत कशाला जात होती हे मला आज शिनोलीत कळलं, एका अनोळखी माणसासमोर, फोनवर. मी तिला बसायला मनाई करून पुण्याला निघून जात होते, आणि ती उभ्या गाडीत तुमच्या शेजारच्या जागेवर बसत होती.

शिवरामभाऊ हसले. "सापडला तुमचा चोर."

त्यांनी सीट शेवटच्या खाचेपर्यंत मागे नेली आणि मग रस्त्यावर पोतं टाकून आडवे झाले. सीट मागे नेऊन मग खाली बघणारा हा पहिला माणूस! बाकी सगळ्यांनी, बहुधा तुम्हीसुद्धा, हात घालायला सोपं म्हणून सीट आधी पुढे घेतली होती.

"हिकडं या. हे कुणी बांधलं?"

पिवळी वायर सुतळीने खालच्या पट्टीला बांधलेली होती. सीट मागे गेल्यामुळे ती ताठ झाली होती आणि जोड केसभर निसटला होता. सीट पुढे घेतली की वायर सैल आणि जोड पुन्हा नीट.

"बागवाला दिसतोय," शिवरामभाऊ म्हणाले. "येल बांधलाय जणू."

ती गाठ मी ओळखली. मी नऊ वर्षांची असताना तुम्ही मला द्राक्षाच्या ओळीत उभं करून शिकवली होती. आठच्या आकड्यासारखी. वेल उद्या जाड होणार, बोटभर जागा सोड, म्हणायचात. मी सीटखाली हात घालून पाहिलं. बोटभर जागा सोडलेली होती.

आईला पुन्हा फोन केला. ती म्हणाली, "माजी काठी अडकायची त्या वायरीत. मी एकदा पडता पडता राह्यले, तवा बांधली त्यांनी."

तिच्यासाठी बांधलीत, सीट पुढे घेऊन. मग तिच्याच गुडघ्यासाठी सीट मागे ढकललीत. बोटभर जागा वेलाला पुरते, अण्णा. सीट वीतभर सरकते!

बाकीचं काम तासाभराचं. त्यांनी बॅटरी सोडवली आणि पुन्हा चहा सांगितला. पिवळ्या वायरीत घाई करायची नाही, म्हणाले, फुगा उगाच उघडला तर तोंड फुटेल. मग जोड साफ केला, टच्च आवाज येईपर्यंत दाबला. प्लॅस्टिकची पट्टी लावू का, विचारलं. मी म्हटलं, सुतळीच द्या, मी बांधते. सीट शेवटच्या खाचेत ठेवून बांधली. या वेळी मूठभर जागा सोडली.

निघताना त्यांनी एक गोष्ट सांगितली. किल्ली फिरवली की हा दिवा आधी लागलाच पाहिजे, आणि थोड्या वेळाने गेला पाहिजे. लागलाच नाही तर समजायचं, कुणीतरी लपवलाय. त्या संक्रांतीला तो लागलाच नव्हता, अण्णा. मी समोर बसले होते. एवढं वाचते, एवढं शिकवते, आणि मला ते दिसलं नाही. नाहीतर तुम्हाला तेव्हाच शिनोलीला घेऊन गेले असते. गाडीत जागा तर दोघांचीच होती. एकदा तरी तुमच्या शेजारी बसले असते.

टेपचा तुकडा मी टाकलेला नाही. आईने तो तुमच्या चष्म्याच्या डबीत ठेवला आहे.

उद्या सकाळी आम्ही घाटघरला जातो आहोत. आईने पोती झटकून ठेवली आहेत आणि आत्ताच तिसऱ्यांदा विचारलं, डिझेल आहे का. पेट्रोल आहे, मी सांगितलं. ती म्हणाली, "त्येच ते."

मगाशी मी तिला म्हटलं, उतरताना मी तुला ओढीन, एक, दोन, तीन म्हणून. ती म्हणाली, "तीन न्हाई. ते दोनलाच ओढायचे. तीनपातूर मला भ्या वाटतं."

तर हे वचन. किल्ली फिरवल्यावर दिवा लागून जाईपर्यंत मी थांबेन, दर वेळी. तिची सीट कुणाला पुढे घेऊ देणार नाही. आणि घाटघरला पोचल्यावर दार उघडून, तिच्यासमोर उभी राहून, सगळ्यांच्या देखत, दोनलाच ओढीन.

तुमची,
मास्तरीण